इंडिकेटरवर जाऊ नकोस, चाक बघ

बाईक घेतलीस, छान झालं. आता एक ऐक. समोरचा काय करणार हे त्याचा इंडिकेटर सांगत नाही, पुढचं चाक सांगतं. बेळगावात गोगटे सर्कलजवळ एका टेम्पोनं डावीकडचा दिवा लावून उजवीकडं वळण घेतलं होतं. मी त्याच्या चाकाकडं बघत होतो म्हणून वाचलो, नाहीतर गुडघा गेलाच होता. रिक्षाच्या मागं असशील तर फुटपाथवर नजर ठेव. कुणी हात वर केला की रिक्षा जाग्यावर थांबते, मागं कोण आहे ते बघत नाही. उभ्या कारच्या सीटवर डोकं दिसलं तर दार उघडणार असं धरूनच चाल.

खरी भीती उसाच्या हंगामात. संकेश्वर, निपाणीकडं रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असतो, मागं दिवा नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. साठच्या वेगात तू सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जातोस. ट्रॉली दिसून मेंदूला कळेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. म्हणून रात्री चाळीस. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्या नि ट्रॅक्टर मिळून केवढी लांबी होते ते आधी बघ, आणि मध्येच आत शिरायची आशा धरू नकोस. पडलेल्या उसावर ब्रेक लावलास तर चाक घसरतंच.

हेल्मेट आयएसआयचं घे, पट्टा लावून. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुझ्याआधी रस्त्यावर पोचतं.