वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये प्रत्येक मोठ्या पॅचनंतर, म्हणजे अपडेटनंतर, ॲडऑन (खेळाडूंनी लिहिलेले जोड-प्रोग्रॅम) का बंद पडतात?

दोन वेगळी कारणं आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिलं किरकोळ. प्रत्येक ॲडऑनच्या फोल्डरमध्ये एक टॉक (.toc) फाइल असते, तिच्यात इंटरफेसचा आकडा, म्हणजे ॲडऑन गेमच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते, लिहिलेलं असतं. ११.०.२ पॅचसाठी तो ११०००२. गेम पुढे गेला आणि आकडा तोच राहिला, की ॲडऑनवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसतो. कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर ॲडऑनची यादी उघडा आणि जुने ॲडऑनही लोड करा, या चौकटीत टिक करा. कधीकधी एवढ्यानंच काम भागतं.

खरं दुखणं दुसरं. ॲडऑन लुआ भाषेत लिहिलेले असतात आणि गेमनं दिलेली फंक्शन्स, म्हणजे गेमकडून माहिती मागायच्या तयार आज्ञा, वापरतात. ती फंक्शन्सच बदलली तर टिक करून काय होणार? २०२४ मध्ये ‘द वॉर विदिन’ हा गेमचा नवा विस्तार आला तेव्हा गेटस्पेलइन्फो हे जुनं फंक्शन गेलं. ते स्पेलचं (मंत्राचं) नाव, आयकॉन वगैरे सुटं सुटं हातात ठेवायचं. त्याच्या जागी आलेलं नवं फंक्शन हे सगळं एका टेबलात, म्हणजे एकाच गाठोड्यात, बांधून देतं. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारे ॲडऑन त्या एका ओळीपाशी अडकले. बरं, ॲडऑन लिहिणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून फुकट लिहितात, त्यामुळे दोन-चार दिवस थांबायची तयारी ठेवा.

तोवर सगळे ॲडऑन बंद करून एकेक चालू करत जा, म्हणजे बिघडलेला कुठला ते कळेल. बगग्रॅबर आणि बगसॅक ही चुका पकडून दाखवणाऱ्या ॲडऑनची जोडी टाकलीत तर नेमकी कुठली फाइल, कितवी ओळ, तेही दिसतं. आणि काहीही डिलीट करण्याआधी गेमच्या डब्ल्यूटीएफ (WTF) फोल्डरची कॉपी काढा, ॲडऑनची सगळी सेटिंग्ज तिथेच असतात.