डिस्क कपाटात कशा लावायच्या, हा प्रश्न दुय्यम आहे

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या चित्रपटांच्या डिस्क शैलीनुसार लावाव्यात, भाषेनुसार की ड्यूई वर्गीकरणाप्रमाणे (प्रत्येक विषयाला अंक देणारी पद्धत), असं तुम्ही विचारलंय. माझं मत: दाखल क्रमांकाने, म्हणजे ग्रंथालयात आल्यावर डिस्कला मिळणाऱ्या अनुक्रमांकाने लावा आणि मोकळे व्हा.

ड्यूईत एकेका चित्रपटासाठी ७९१.४३७२ हा अंक आहे. म्हणजे सगळे कथापट एकाच अंकावर गोळा होणार आणि पुढे तुम्ही शीर्षकांची अक्षरं जुळवत बसणार. शैलीचं तर विचारूच नका. युद्धावरचा विनोदी चित्रपट कुठे ठेवायचा यावर दोन ग्रंथपालांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. अपवाद फक्त माहितीपटांचा. ते त्या-त्या विषयाच्या वर्गांकाखाली ठेवा, पुस्तकं शोधायला आलेल्याच्या हाती आपसूक लागतात.

वाचलेला वेळ तालिकेतल्या (कॅटलॉगमधल्या) नोंदीवर खर्च करा. चित्रपट अभ्यासणारा विद्यार्थी दिग्दर्शक, छायालेखक, देश, काळ असं काहीही धरून शोधतो. त्यामुळे मार्कमध्ये (संगणकीय नोंदीचा साचा, त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला अंक दिलेलं क्षेत्र असतं) ५०८ आणि ५११ या टिपांत श्रेयनामावली उतरवून थांबू नका. दिग्दर्शक, पटकथाकार, छायालेखक, संकलक यांना ७०० मध्ये भूमिकेसह स्वतंत्र नोंद द्या. निर्मितीचा देश २५७ मध्ये, शैली ६५५ मध्ये. एका चित्रपटाला तीन शैली दिल्या तरी इथे काही बिघडत नाही, कपाटात मात्र तो एकाच जागी बसतो.

सर्वांत जास्त घोळ सालाचा होतो. इटालियन दिग्दर्शक डे सिका यांचा 'लाद्री दी बिचिक्लेत्ते' १९४८चा, पण हातातली डिस्क कितीतरी नंतरची. नोंदीत फक्त डिस्कचं साल गेलं, तर १९५० पूर्वीचे इटालियन चित्रपट शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही. ००८ मध्ये तारखेचा प्रकार 'पी' (प्रकाशन आणि निर्मितीची सालं वेगळी असल्याची खूण) ठेवून आधी डिस्कचं साल आणि मग निर्मितीचं साल द्या. याच चित्रपटाला इंग्रजीत 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'द बायसिकल थीफ' अशी दोन नावं आहेत. मूळ नाव १३० मध्ये, वेष्टनावरचं २४५ मध्ये, उरलेलं २४६ मध्ये घाला.

आवृत्त्यांकडेही लक्ष असू द्या. १९२७चा 'मेट्रोपोलिस' आणि ब्युनोस आयर्सला २००८मध्ये सापडलेले तुकडे जोडून २०१०मध्ये दाखवलेला 'मेट्रोपोलिस' लांबीने वेगळे आहेत. प्राध्यापकांना नेमका कोणता हवाय हे नोंदीतली मिनिटं पाहूनच कळतं.

संवादांची आणि सबटायटल्सची भाषा ०४१ मध्ये वेगवेगळ्या उपक्षेत्रांत येते, शिवाय वाचणाऱ्यासाठी ५४६ मध्ये साध्या वाक्यात लिहा. रीजन कोड (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा) तर हवाच, नाहीतर ऐन तासाला प्लेअर डिस्क नाकारतो.

स्ट्रीमिंगवरून घेतलेले चित्रपट याच तालिकेत आणा, पण त्या नोंदींना पुरवठादाराची एक ठरावीक खूण लावून ठेवा. परवाना संपला की त्या खुणेवरून सगळ्या नोंदी एकदम काढता येतात. नाहीतर विद्यार्थी बंद पडलेल्या दुव्यांवर क्लिक करत राहतात आणि तक्रार तुमच्या टेबलावर येते.