ट्यूमरवर काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलीच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ मेंदूच्या बुंध्यातल्या ट्यूमरने गेला. तेव्हापासून तुमची मुलगी ‘मी यावरच संशोधन करणार’ म्हणते, आणि ‘मग डॉक्टरच हो’ असा घरच्यांचा आग्रह आहे, असं तुम्ही लिहिलंय. आग्रह थोडा सैल करा. या आजारात डॉक्टरांइतकीच गरज ‘मॉडेल’, म्हणजे अभ्यासासाठी प्रयोगशाळेत उभी केलेली आजाराची प्रतिकृती, घडवणाऱ्यांची आहे.

श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांच्याशी निगडित असलेल्या, मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्स या भागात डीआयपीजी हा ट्यूमर होतो. त्याच्या पेशी निरोगी पेशींत मिसळून पसरतात, त्यामुळे तो कापून काढता येत नाही. अनेक दशकं निदान एमआरआयवरच होई. बायॉप्सी धोक्याची मानली जाई, मग अभ्यासायला तुकडा मिळणार कुठून? २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे यांच्या गटाने, दगावलेल्या मुलाच्या पालकांनी दान केलेल्या ऊतींतून या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या, उंदराच्या मेंदूतही रुजवल्या. पुढच्याच वर्षी बहुसंख्य डीआयपीजीमध्ये हिस्टोन या, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या जनुकातला एक ठरावीक बदल सापडला, आणि पुढे त्याला इतर जनुकीय बदलांची जोड देऊन उंदरांत ट्यूमर उभा करता येऊ लागला.

पण प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींभोवती ना रक्त-मेंदू अडथळा (रक्तातली बरीच औषधं मेंदूत शिरू न देणारी भिंत), ना चेतापेशी. चेतापेशी या गाठींशी थेट जोडण्या करतात आणि त्यांच्या वाढीला खतपाणी घालतात, हे २०१९ मध्ये दिसलं. म्हणून बशीत जिंकलेलं औषध मुलाच्या मेंदूत हरू शकतं. आपलं मॉडेल नेमकं कुठे फसवतंय हे ओळखणं, खरं कसब तेच.

वाट अशी: जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडी. सोबत संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग. हे मुलं टाळतात आणि पुढे पस्तावतात. पीएचडीनंतर काही वर्षं तात्पुरत्या पदांवर जातात, हे आधीच सांगून ठेवते. मात्र पेशी वाढवण्याचं आणि जनुकं बदलण्याचं कौशल्य औषध कंपन्यांतही चालतं. वैद्यकीय शिक्षण घेऊनही इथे येता येतं. रुग्णांत रमणारी असेल तर तीच वाट बरी.

तिला दोन प्रश्न विचारा. पेशींना रविवार कळत नाही, चालेल? प्रयोग संपल्यावर उंदीर मारावे लागतात, जमेल? उत्तराची घाई करू नका. सुट्टीत महिनाभर एखाद्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहू द्या. वाढवत ठेवलेल्या पेशींत बुरशी शिरून सगळं फेकावं लागल्यावरही ती दुसऱ्या दिवशी वेळेवर निघाली, तर मला पुन्हा लिहा. पदवीसाठी कॉलेज निवडायला आपण एकत्र बसू.