गोव्यात परसात बिंबलाचं झाड आहे, पण फळं इतकी आंबट की जेवण वाया जातं, आंबटपणा कमी कसा करायचा?

कमी करायचाच नाही. बिंबलं कमी घालायची. झालं उत्तर.

पण तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन इकडे आलात आणि घरचे हसतात, म्हणून राहवलं नाही. मी कोल्हापूरची, 2009 ला लग्न होऊन फोंड्याला आले. पहिलाच जून, ट्रॉलर बंद, ताजी मासळी नाही, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली) सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, डब्यात होती. डिचोलीहून आतेसासूबाई आलेल्या, त्या म्हणाल्या सुंगटांचं हुमण (नारळाच्या वाटपाचा रस्सा) कर, चिंच-सोलं (कोकम) नको, झाडाची बिंबलं घाल वाटीभर. वाटीभर! मी आपली आमटीची मोठी वाटी घेतली, शिगोशीग भरली, वीसेक तरी असतील, नारळाच्या वाटपात पहिल्यापासून टाकून रटरटा शिजवली, तेही ॲल्युमिनियमच्या टोपात, आणि दुसऱ्या दिवशी हुमण मुरतं म्हणून रात्रभर त्यातच ठेवलं. सकाळी रस्सा करडा, बिंबलांचा पार लगदा, तोंडात घातलं की नाणं चघळल्यासारखं. टोप घासला तर आत रस्सा होता तिथपर्यंत पांढरा लख्ख पट्टा, वर काळा. आतेसासूबाईंनी एक घास घेतला, ताट सरकवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घाटावयल्यांक आंबट खंय कळटा!"

आज विचारलं तर म्हणतात मी वाटी म्हणालेच नाही, चार म्हणालेले. नवरा तिथेच बसलेला, त्याला म्हणे आठवत नाही.

तर माझं ऐका, वाटीचं माप सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून घाला. चार जणांच्या हुमणाला चार-पाच मध्यम बिंबलं, उभी दोन भाग करून. वाटप उकळलं, सुंगटं शिजली की मग टाकायची, पाच मिनिटं, रंग हिरव्याचा पिवळट झाला की गॅस बंद. मीठ त्यानंतर चाखून. टोप स्टीलचा घ्या नाहीतर मातीचं कुंडलं, ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ अजिबात नको (पितळ घासायला मात्र बिंबल एक नंबर, समया उजळून निघतात). आणि काढताना हिरवी, कडक काढा, पिवळी पडलेली नुसतं पाणी सोडतात. काढल्यावर बाहेर फार दिवस टिकत नाहीत, त्यामुळे जेवढी लागतील तेवढीच. जास्त आली तर चिरून मीठ लावून उन्हात चामड्यासारखी होईपर्यंत वाळवायची, पावसाळ्यात ऊन कुठलं हा प्रश्न आहेच, मग सरळ मिठात बरणी भरा. ती वापरताना हुमणात मीठ घालू नका, हेही मी एकदा केलंय.

गूळ घालून आंबट मारायचं हे आमच्या घाटावरचं खूळ, हुमणात नको. लोणच्यात घाला हवं तर, तिथे चांगला लागतो. आणि हो, सोलं आणि बिंबलं एकत्र घालणारे लोक इकडेही आहेत, मला पटत नाही, पण त्यांची हुमणं चांगली होतात हे कबूल करते.

एक राहिलं, खरंतर आधी सांगायला हवं होतं. कोणी कोलेस्टेरॉल किंवा शुगरसाठी बिंबलांचा रस प्या म्हणालं तर पिऊ नका. त्यात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं, केरळात रस पिऊन किडनीला मार बसलेल्या 10 पेशंटांचा रिपोर्ट 2013 मध्ये डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आलाय, त्यातल्या काहींना डायलिसिस लागलं. हुमणातल्या चार फोडींनी काही होत नाही, पण आधीच किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून खा. आतेसासूबाईंना शुगर आहे, त्यांनाही कुणीतरी हा रस सांगितलेला, मीच फोन करून बंद करायला लावला. ते ऐकलं त्यांनी लगेच. वाटीचं अजून नाही.