जर्मनीला जाताना स्वयंपाकाचं पुस्तक कुठलं न्यावं?

ताई, वेंगुर्ल्याहून जर्मनीला निघताना स्वयंपाकाची कुठली पुस्तकं बॅगेत टाकावीत, असं विचारलंत. एकाच पुस्तकाला जागा असेल तर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घ्या. 1970 साली आलेलं हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापात आहे आणि रोजच्या भाजी-आमटीपासून फराळापर्यंत नवख्या हातालाही साथ देतं. पण बांगड्याचं तिखलं किंवा तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं घरच्यासारखं व्हायला हवं असेल, तर खरं पुस्तक म्हणजे आईची वही. तीही आहे तशी नेऊन उपयोग नाही. 'मसाला अंदाजाने, पाणी लागेल तसं' हे तिच्या हाताला कळतं, आपल्याला नाही. निघण्याआधी ती ग्रॅममध्ये उतरवून घ्या.

त्यासाठी एक डिजिटल वजनकाटा पुरतो. मालवणी मसाल्याचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. आईला नेहमीसारखा हाताने मसाला घेऊ द्या. काट्यावर उणे 18 दिसलं की 18 ग्रॅम मसाला गेला. मीठ, चिंच, तेल सगळं असंच. घरातली वाटी पाण्याने भरून एकदा तोला. पाणी 160 ग्रॅम भरलं तर वाटी 160 मिलीची. प्रत्येक पाककृतीखाली किती माणसांना पुरली तेही लिहा.

वहीत मापाशेजारी कारणही हवं, कारण तिकडे बिघडतं ते जिन्नस बदलल्यामुळे. रश्शासाठी वाटलेल्या खोबऱ्याचं, म्हणजे वाटपाचंच घ्या. तिकडे एशियन दुकानात खवलेलं फ्रोझन खोबरं मिळतं. ते तसंच गार मिक्सरला लावलं तर वाटप रवाळ होतं आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. खोबऱ्याचं तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणून. खोबऱ्याचा बर्फ पूर्ण वितळू द्या आणि कोमट पाण्याने वाटा. मिक्सर इथूनच न्या. जर्मनीत वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त मिक्सरच्या वॅटला पेलणारा चांगला ॲडाप्टर घ्या.

उकडीच्या मोदकांना पिठी घेताना पाकिटावर 'क्लेबराइसमेल' असेल तर उचलू नका. ती चिकट तांदळाची, मोदक वाफवताना बसतात. साधं 'राइसमेल' घ्या. ते जरा जाडसर असलं तर घावण्यांना चालतं, मोदकांसाठी बारीक चाळणीने चाळा. उकडीला पिठी आणि पाणी वाटीला वाटी धरा, पण दोन-तीन चमचे गरम पाणी बाजूला ठेवा. मळताना कडा चिरल्या तर ते लावायचं.

आंबोळीचं पीठ हिवाळ्यात रात्रभरात आंबत नाही. ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावा, पातेलं आत ठेवा आणि 14-16 तास धरा. बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, पण काचेवर घासू नका, उचलून ठेवा.

माशांच्या कालवणात लागणारी तिरफळं मात्र इथूनच, सुकी, आतली काळी बी काढून. बी राहिली तर कडवटपणा येतो. संपली तर चिनी दुकानातलं सिच्वान पेपर त्याच्याच कुळातलं आहे. वास तंतोतंत तोच नाही, पण बांगड्याला वेळ निभते.

सामानाचं: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच राहू द्यात. मासळीला मात्र माणशी 20 किलोपर्यंत सूट आहे, त्यामुळे सुके बोंबील आणि सुकट जातात. दोन पिशव्या आणि वर घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर कपड्यांना वास लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोतच. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानतळावर काढून घेतात. मसाल्यात लागणारं खोबरं भाजून, कुटून त्यातच जाऊ द्या. ताजा कढीपत्ता नेऊ नका, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो.

आमसुलं अर्धा किलो घ्या, आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली सांडते. सोलकढीला 15 आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, मग 400 मिलीच्या डब्यातलं नारळाचं दूध आणि तेवढंच पाणी घाला. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, म्हणून मीठ शेवटी, चाखून. गॅसवर ठेवू नका, फाटते.