विचारा तर खरं : कंबरेचे पाच मणके आणि त्यांच्याखालचं सगळं

मागच्या अंकात कंबरेबद्दल विचारा म्हटलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. एक सांगून ठेवते, मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवते, पेशंट तपासत नाही. तेव्हा औषध कुठलं घेऊ, ऑपरेशन करू का, हे तुमच्या ऑर्थोवाल्यांना विचारा. आत काय कुठे असतं आणि ते का दुखतं, एवढं मी सांगते.

मिस्टर ४३ वर्षांचे, किराणा दुकान आहे. पोतं उचलताना उसण भरली, दोन दिवसांत बरी होईल म्हणून पायाळू माणसाची लाथपण मारून घेतली. आता दुखणं ढुंगणातून मांडीच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं. एक्सरे बघून एकजण म्हणाले गॅप आलाय, मग एमआरआयमध्ये एल ४–एल ५ ला डिस्क बल्ज आणि वरच्या दोन डिस्कपण सुकल्यात असं आलं. म्हणजे तीन मणके गेले का? – वाचक, बार्शी

ताई, मणका एकही गेलेला नाही. एल १ ते एल ५ हे कंबरेचे पाच मणके, वरून खाली मोजलेले, आणि डिस्क बल्ज म्हणजे दोन मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं. गॅपचं आधी मिटवून टाकू, दोन मणक्यांमधे गॅप असायलाच पाहिजे कारण तिथे गादी म्हणजे डिस्क बसलेली असते. एक्सरेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही, म्हणून ती जागा रिकामी वाटते इतकंच. उलट ती जागा कमी झाली तर समजायचं की गादी झिजली.

आता ही गादी कशी असते ते बघा. मधे मऊ पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंच्या पंधरा-वीस कड्या, एका कडीतले तंतू डावीकडे तिरके तर पुढच्या कडीतले उजवीकडे, त्यामुळे कुठूनही पीळ बसला तरी काही तंतू ताण घेतातच. डिसेक्शन हॉलमध्ये कमी वयाच्या माणसाची डिस्क कापली की मधला गर पांढरट चकचकीत आणि लगेच फुगून वर येतो. देहदानातून येणारे बहुतेक जण सत्तरीपुढचे, त्यांच्यात तोच गर पिवळट, कोरडा, बोटाने चुरगळेल असा, आणि कडी कुठे संपली गर कुठे सुरू झाला तेही कळत नाही. यातल्या कितीतरी जणांची कंबर आयुष्यभर ठणठणीत असणार! हे मी उगाच म्हणत नाही, अजिबात कंबर न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनवर झालेल्या संशोधनाचा २०१५ मधे एकत्र आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३० टक्के, चाळिशीतल्या ५० टक्के आणि ऐंशीच्या ८४ टक्के लोकांमधे डिस्क बल्ज निघाला. म्हणून त्या वरच्या दोन सुकलेल्या डिस्क विसरा, चाळिशी उलटल्यावर रिपोर्टमधे त्या येणारच.

पण एल ४–एल ५ चं खरं वाटतंय, आणि ते रिपोर्टमुळे नाही तर तुम्ही अंगठ्यापर्यंत लिहिलंत म्हणून. कंबरेत पाच मणके, त्याखाली पाच मणके जुळून झालेलं सॅक्रम हे एकसंध हाड. वरचा भाग वाकतो-वळतो आणि सॅक्रम जागचं हलत नाही, शिवाय ते तिरकं असल्यामुळे धडाचं सगळं वजन उतारावर येतं, त्यामुळे मार खातात त्या शेवटच्या दोन गाद्या, एल ४–५ आणि एल ५–एस १ (एस १ म्हणजे सॅक्रमचा पहिला मणका), सरकलेल्या डिस्कच्या जवळजवळ सगळ्या केसेस इथल्याच. गादीच्या मागे मधोमध एक लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा असतो पण कंबरेत तो अरुंद होत जातो, म्हणून गर सरळ मागे न येता मागे-बाजूला निसटतो, आणि नेमकी तिथूनच नस खाली चाललेली असते. गंमत अशी की एल ४–५ ची गादी सरकली तर सहसा एल ४ ची नस सापडत नाही, ती गादीच्या वरूनच बाहेर पडून गेलेली असते, सापडते ती खाली जाणारी एल ५ ची. मुलं परीक्षेत इथे हमखास मार्क घालवतात.

एल ५ ची नस दबली की मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे येतात, अंगठा वर उचलायला जड जातं. एस १ ची दबली तर करंगळीकडची बाजू बधिर आणि चवड्यावर उभं राहताना पाय लटपटतो. मिस्टरांना टाचांवर चार पावलं चालायला सांगा, त्या बाजूचं पाऊल खाली पडत असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवा. नसेल तर घाबरू नका, अशी बहुतेक दुखणी दीड ते तीन महिन्यांत उतरतात आणि बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू खाऊन टाकतं. फक्त लघवी अडकली, किंवा शौचाच्या जागेभोवती, जांघेत बधिरपणा आला तर मात्र उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.

सिझेरियनला कंबरेत भुलीचं इंजेक्शन दिलं तेव्हापासून सहा वर्षं कंबर दुखतेय. सासूबाई म्हणतात ती सुई मणक्यात गेली ती गेलीच. खरं का? – वाचक, ठाणे

सासूबाईंसारखं म्हणणाऱ्या बायका प्रत्येक घरात आहेत, माझ्याही. पण सुई मणक्यात जातच नाही, ती दोन मणक्यांच्या मधून जाते. तुम्हाला पाठ वाकवून गुडघे पोटाशी घ्यायला लावलं असेल ना, ते याचसाठी, वाकलं की मागची हाडाची टोकं एकमेकांपासून लांब होतात. मग भूलतज्ज्ञ कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवतात, त्या दोन हाडांना जोडणारी रेष साधारण एल ४ वरून जाते, त्यावरून एल ३–४ किंवा एल ४–५ ची फट शोधायची. कातडी, मग दोन लिगामेंट, मग लिगामेंटम फ्लेवम नावाचं पिवळं लिगामेंट, तिथे सुईला थोडा अडथळा होऊन मग एकदम मोकळं लागतं, आणि पुढचं आवरण ओलांडलं की पाण्यासारखं स्वच्छ द्रव थेंब थेंब सुईतून येतं. सुई केवढी, तर सलाईनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक.

आणि मज्जारज्जूचं काय? मोठ्या माणसात तो एल १–एल २ च्या आसपासच संपतो, तान्ह्या बाळात मात्र एल ३ पर्यंत असतो. त्याच्याखाली नुसत्या नसांचा जुडगा त्या द्रवात तरंगत असतो, खिरीतल्या शेवयांसारखा, सुई आली की त्या बाजूला सरकतात. ही जागा सुरक्षित आहे हे जर्मनीत कील शहरात १८९१ मधे क्विंके नावाच्या डॉक्टरांनी हे पाणी काढून दाखवलं आणि त्याच शहरात १८९८ मधे बीअर नावाच्या सर्जनने इथूनच पहिली भूल दिली, म्हणजे पद्धत सव्वाशे वर्षांची जुनी आहे. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं, डोकं दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्यांचीही कंबर दुखतेच की. नऊ महिने पोट पुढे, कंबरेचा बाक बदललेला, पोटाचे स्नायू ताणून सैल, आणि नंतर बाळाला एका कुशीवर घेऊन वाकून सगळी कामं. त्या स्नायूंचे व्यायाम कुणी शिकवतच नाही, सव्वा महिना झाला की बाई ओट्यापाशी हजर! फिजिओथेरपिस्टला भेटा, सहा वर्षांनीही उपयोग होतो.

पोलीस भरतीची तयारी करतोय, उंची १६५ ला जरा कमी भरते. मुलं म्हणतात झोपून उठल्या उठल्या मोज, वाढते. – वाचक, बीड

मुलं खरं सांगतायत. पाठीच्या कण्याच्या लांबीतला साधारण पाव हिस्सा गाद्यांचा असतो. दिवसभर वजनाखाली त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की त्या परत पाणी ओढून घेतात. सकाळ-संध्याकाळचा फरक उंचीच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे तुझ्यासाठी दीडेक सेंटीमीटर. पण यातली निम्मी घट उठल्यानंतर पहिल्या तासातच होते, तेव्हा पहाटे उठून एसटीने ग्राउंडवर पोचून लाइनीत दोन तास उभं राहिलास तर सकाळची उंची घरीच राहिली म्हणून समज. लाइनीत उभं राहण्याआधी जितका वेळ आडवं पडता येईल तितकं पड, भरतीच्या मैदानाबाहेर चादर टाकून झोपलेली पोरं त्याचसाठी झोपलेली असतात. गोळ्या-पावडरींवर मात्र पैसे घालवू नकोस. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की हाड काही लांब होत नाही.

मुलगा १६ वर्षांचा, फास्ट बोलर, उजव्या हाताने टाकतो. कंबरेत डाव्या बाजूला दुखतं, एमआरआयमधे एल ५ च्या पार्सला स्ट्रेस फ्रॅक्चर. कुठे पडला नाही, मारलं नाही, हाड मोडलं कसं? – वाचक, नागपूर

मणक्याच्या मागच्या कमानीत, वरच्या आणि खालच्या सांध्यांच्या मधे एक अरुंद पूल असतो, पार्स इंटरआर्टिक्युलॅरिस. बॉल सोडताना मुलगा एकाच वेळी मागे कमान करतो, बाजूला झुकतो आणि वळतो, आणि पुढचा पाय आपटला की सगळा दाब बोलिंगच्या उलट बाजूच्या पार्सवर येतो. उजव्या हाताचा बोलर आणि दुखतंय डावीकडे, हे अगदी पुस्तकी आहे. एका फटक्यात मोडत नाही, रोजच्या ओव्हर्सनी केसाएवढी तडा जाते आणि विशीच्या आत हाड अजून पुरतं टणक झालेलं नसतं. बुमराहला २०१९ मधे कंबरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळेच बाहेर बसावं लागलं होतं. लवकर लक्षात आलं आणि बोलिंग खरोखर थांबवली तर तडा भरून येते, नुसतं स्पीड कमी करून टाकतो म्हणणं म्हणजे थांबवणं नव्हे. दोन्ही बाजूंचे पार्स तुटले तर मणका पुढे सरकू शकतो, म्हणून कोच सिलेक्शन मॅच आहे म्हणाले तरी यावेळी आई-बाबांनी वाईट व्हायचं.

एक्सरेत एल ५ चं सॅक्रलायझेशन लिहिलंय, काय प्रकार? – वाचक, पणजी

तुमचा पाचवा मणका जन्मापासूनच थोडाफार सॅक्रमला चिकटलेला आहे. पुष्कळ लोकांत असतो आणि बहुतेकांना कळतही नाही. उद्या कधी मणक्याचं ऑपरेशन करायची वेळ आलीच तर सर्जनला हा एक्सरे आठवणीने दाखवा, कारण मणके मोजताना अशा कंबरेत एका आकड्याची गफलत होते आणि भलत्याच गादीवर हात पडू शकतो.