अमेरिकेतील निवडून आलेला शेरिफ राज्याचा कायदा नाकारू शकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरिफला, म्हणजे तेथील पोलीस प्रमुखाला, लोक थेट निवडून देतात, मग राज्याच्या विधिमंडळाने त्याच्या कामावर बंधने घालणारा कायदा केला आणि त्याला तो पटला नाही, तर ‘मी फक्त माझ्या मतदारांना बांधील आहे’ असे सांगून तो कायदा धुडकावू शकतो का?

नाही, धुडकावू शकत नाही. मी गेली अनेक वर्षे राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनात तर नाहीच. खरे म्हणजे एवढ्यावर उत्तर संपते. पण हाच वाद मी एका जवळच्या स्नेह्याशी वर्षानुवर्षे घालत आलो आहे आणि त्या वादाची झळ माझ्या घरापर्यंत पोहोचलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नॉर्थ कॅरोलिनात १०० काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत चार वर्षांसाठी एक शेरिफ निवडला जातो. हे पद राज्याच्या संविधानाच्या सातव्या अनुच्छेदातच आहे. माझे स्नेही नेमके येथेच वाचन थांबवतात आणि म्हणतात, ‘बघा, पद संविधानाने दिलेले आहे, विधिमंडळाने नव्हे.’ परंतु त्याच कलमात पुढे असेही लिहिले आहे की सबळ कारण असल्यास, कायद्याने ठरवलेल्या रीतीने, शेरिफला पदावरून दूर करता येते. पद संविधानाने दिले, पण त्या पदावरच्या माणसाने काय करायचे, काय करायचे नाही आणि कोणत्या कागदावर सही करायची, हे विधिमंडळ ठरवते. १९१९ पासून चालत आलेल्या कायद्यानुसार येथे पिस्तूल विकत घ्यायचे असेल तर आधी शेरिफकडून परवाना काढावा लागे आणि अर्जदाराच्या चारित्र्याची चौकशी शेरिफ करत असे. २९ मार्च २०२३ रोजी विधिमंडळाने, हा परवाना रद्द करणाऱ्या विधेयकावर तत्कालीन राज्यपाल रॉय कूपर यांनी वापरलेला नकाराधिकार मोडीत काढला आणि शेरिफचा हा अधिकार एका दिवसात संपला. एखाद्या शेरिफला तो परवाना कितीही आवश्यक वाटत असला, तरी दुसऱ्या दिवशी त्याला तो मागता आला नाही.

आता माझ्या घरी काय घडले ते सांगतो.

आमचे घर शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे आमच्याकडे शहराचे पोलीस येत नाहीत, शेरिफचे डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचे अधिकारी, येतात. (काउंटीचे आणि शेरिफचे नाव मी मुद्दाम घेत नाही.) आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना संध्याकाळी फिरायला जायची आयुष्यभराची सवय. नोव्हेंबरातली थंडी त्यांना सोसेना, म्हणून ते माकडटोपी घालून आणि हात शालीत गुंडाळून निघत. आपल्याकडे डिसेंबरात कोणत्याही एसटी स्थानकावर दिसणारे ते रूप येथल्या कोणा शेजाऱ्याला तोंड झाकलेल्या अनोळखी माणसाचे वाटले आणि त्याने ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. डेप्युटीने गाडी थांबवून बाबांना काहीतरी विचारले. बाबांना ते इंग्रजी समजले नाही. आम्ही त्यांच्याजवळ पारपत्राची छायाप्रत आणि माझा फोन नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. तो काढायला त्यांनी शालीच्या आतून स्वेटरच्या खिशात हात घातला, आणि डेप्युटी ओरडला. पुढे त्यांना रस्त्याच्या कडेला खाली बसवून ठेवले गेले. डेप्युटीने त्या कागदावरचा नंबर फिरवून मला बोलावले, तेव्हा बाबा फरसबंदीच्या कडेवर दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसलेले होते आणि टोपी शेजारी जमिनीवर पडली होती.

डेप्युटी माझ्याशी सभ्यपणे बोलला. ‘गैरसमज झाला’ म्हणाला आणि निघून गेला. बाबांचे म्हणणे वेगळे होते. आपल्याला दंडाला धरून जोरात खाली ओढले, असे ते म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दंडावर काळेनिळे दिसले. खरे काय घडले हे सांगणारी एकच गोष्ट उपलब्ध होती : डेप्युटीच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण.

मी शेरिफच्या कार्यालयात गेलो आणि तेथे राज्याचा कायदा माझ्यासमोर भिंतीसारखा उभा राहिला. ११ जुलै २०१६ रोजी तत्कालीन राज्यपाल पॅट मॅकरोरी यांनी सही केलेला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेला हा कायदा सांगतो की पोलिसांच्या अंगावरच्या किंवा गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण हा सार्वजनिक दस्तऐवज नाही. ते ‘दाखवणे’ आणि त्याची प्रत ‘देणे’ या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या आहेत. दाखवायचे की नाही हे शेरिफ ठरवू शकतो, पण ज्याचे चित्र किंवा आवाज त्यात आहे त्यालाच, किंवा कायद्याने मानलेल्या त्याच्या प्रतिनिधीलाच. तेही मागणीशी संबंधित असेल तेवढाच भाग, आणि पाहणाऱ्याला त्याची नक्कल करता येत नाही. प्रत देण्याचा अधिकार तर शेरिफकडे मुळी ठेवलेलाच नाही. त्यासाठी सुपीरियर कोर्टाच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सुनावणी न्यायालयाच्या, न्यायाधीशाचा आदेश लागतो.

मग प्रतिनिधी कोण? आई-वडील, न्यायालयाने नेमलेला पालक, पती किंवा पत्नी, अथवा या राज्यात वकिलीची सनद असलेला वकील. या यादीत मुलगा नाही. सज्ञान मुलाचे नाव कायद्यात येते, पण चित्रीकरणातली व्यक्ती मरण पावली असेल तर. समोरच्या अधिकाऱ्याने मला ते कलम शांतपणे वाचून दाखवले तेव्हा मला जे वाटले ते येथे लिहिण्याजोगे नाही. माझे वडील जिवंत होते, शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि ते जिवंत आहेत म्हणूनच मला ते चित्रीकरण पाहण्याचा अधिकार नव्हता.

शेवटी बाबा आणि त्यांची पत्नी या नात्याने आई, असे दोघे आत गेले. दोघांचे इंग्रजी बेताचे. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. परत आल्यावर आई म्हणाली की चित्र हलत होते, बराच वेळ नुसते गवत आणि गाडीचा दिवा दिसत होता, आवाज मात्र स्पष्ट होता आणि ‘हे’ ओरडलेले ऐकू आले. बाबा काहीच बोलले नाहीत. ते चित्रीकरण मी आजतागायत पाहिलेले नाही.

त्या आठवड्यात माझे स्नेही घरी आले आणि त्यांनी आपले नेहमीचे पालुपद लावले : ‘तू खालच्या लोकांशी कशाला बोलतोस? थेट शेरिफला भेट. तो निवडून आलेला माणूस आहे, मतांसाठी का होईना, तुला प्रत देईल.’ मी शेरिफची भेट मागितली आणि ती मिळालीही. त्यांनी बाबांची विचारपूस केली, मला वाटते मनापासून केली, आणि स्पष्ट सांगितले की प्रत देण्याची त्यांची इच्छा असली तरी कायद्याने त्यांचे हात बांधलेले आहेत. न्यायालयात जाण्यासाठी वकील हवा होता, बाबांचे परतीचे तिकीट जवळ आले होते आणि बाबांनी स्वतःच ‘आता पुरे’ म्हटले. विषय तेथे थांबला; माझ्या मनात थांबला नाही.

माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो : हा कायदा वाईट आहे. ज्या काउंटीने शेरिफ निवडून दिला तिच्या रहिवाशाला उत्तर देण्याची मुभासुद्धा त्या शेरिफला न ठेवणारा कायदा लोकांचेही भले करत नाही आणि शेरिफचेही. २१ एप्रिल २०२१ रोजी पास्क्वोटँक काउंटीत, एलिझाबेथ सिटी या गावी, अँड्र्यू ब्राउन हे कृष्णवर्णीय गृहस्थ शेरिफच्या डेप्युटींच्या गोळ्यांनी मारले गेले. तेथील शेरिफने चित्रीकरण जाहीर व्हावे अशी आपली इच्छा असल्याचे सांगितले. तरीही न्यायाधीशांनी ते प्रसारमाध्यमांना देण्यास नकार दिला आणि कुटुंबाला १० दिवसांच्या आत दाखवावे एवढाच आदेश दिला. त्याआधी कुटुंबाला जेमतेम २० सेकंदांचा तुकडा दाखवला गेल्याचे त्यांच्या वकिलांनी सांगितले होते. त्यानंतर त्याच वर्षी मृत्यू आणि गंभीर दुखापतीच्या प्रकरणांसाठी कायद्यात सुधारणा झाली. बाबांच्या दंडावरचा डाग काही गंभीर दुखापतीत मोडत नाही.

माझ्या स्नेह्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा प्रिंट्झ निकाल. तुमच्याही वाचनात तो आला असेल, कारण शेरिफ हाच आपल्या काउंटीतला सर्वोच्च अधिकारी असे मानणाऱ्या, ‘संवैधानिक शेरिफ’ म्हणवणाऱ्या चळवळीचा तो आवडता दाखला आहे. मोंटानातील रवाली काउंटीचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातील ग्रॅहम काउंटीचे रिचर्ड मॅक या दोन शेरिफांनी पिस्तूल घेणाऱ्यांची पूर्वतपासणी करण्याचे केंद्र सरकारने लादलेले काम नाकारले आणि न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांची बाजू उचलून धरली. निकाल खरा आहे, पण तो वॉशिंग्टनविरुद्ध आहे. केंद्राने राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू नये, इतकाच त्याचा अर्थ. राज्याने स्वतःच्याच काउंटीच्या शेरिफला काय सांगावे याबद्दल तो निकाल शेरिफला कोणतेही कवच देत नाही. माझ्या स्नेह्यांना हे मी अनेकदा सांगितले आहे; त्यांनी निकालाचा गोषवारा वाचला आहे, निकाल वाचलेला नाही.

उलट राज्याची पकड किती घट्ट असते याचे ताजे उदाहरण आमच्याच राज्यात आहे. २०१८ च्या निवडणुकीत वेक आणि मेक्लेनबर्ग या दोन सर्वांत मोठ्या काउंट्यांत असे शेरिफ निवडून आले, ज्यांनी केंद्राच्या स्थलांतर खात्याशी असलेला सहकार्याचा करार मोडण्याचे मतदारांना उघड आश्वासन दिले होते, आणि त्यांनी तो त्याच वर्षी मोडला. विधिमंडळाने त्यांना वेसण घालणारी विधेयके २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये आणली. दोन्ही वेळा कूपर यांनी ती परत पाठवली. तिसरे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये नकाराधिकार मोडून कायदा झाले आणि १ डिसेंबरपासून लागू झाले. ठरावीक गंभीर गुन्ह्यांतील आरोपींना स्थलांतर खात्याच्या मागणीवर ४८ तासांपर्यंत कोठडीत रोखून ठेवण्याची प्रक्रिया आता शेरिफला पाळावीच लागते. जुलै २०२५ मध्ये राज्यपाल जॉश स्टाइन यांचा नकाराधिकार मोडून त्याच वाटेवरचा आणखी कडक कायदा आला. ज्या आश्वासनावर शेरिफ निवडून आले ते विधिमंडळाने पुसून टाकले. मला हा कायदा पटत नाही, कोणाला तो उत्तम वाटेल. पण अधिकार कोणाकडे आहे याबद्दल आता दुमत राहू नये.

आणि नाकारलेच तर? न्यायालय आदेश देऊ शकते, आणि जिल्ह्याचे सरकारी वकील पदच्युतीची याचिका करू शकतात. कोलंबस काउंटीच्या शेरिफविरुद्ध २०२२ मध्ये वर्णद्वेषी बोलण्याच्या ध्वनिमुद्रणावरून अशी याचिका झाली. त्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले, पुन्हा याचिका झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. मतदारांचा कौल त्यांना वाचवू शकला नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता जोडतो. मी वकील नाही. प्रत्येक राज्याचे संविधान वेगळे आहे. कनेक्टिकटने तर २००० साली काउंटी शेरिफ हे पदच रद्द केले. कायदा नाकारणे आणि त्याच्या अंमलबजावणीत ढिलाई करणे यांतही फरक आहे. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२३ च्या बंदूकबंदी कायद्यानंतर १०२ काउंट्यांपैकी बहुसंख्य शेरिफांनी आपण घरोघरी तपासणी करणार नाही असे जाहीर केले. मनुष्यबळ कोठे वापरायचे हे ठरवण्याची जी मोकळीक प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला असते तिचा तो वापर होता, कायदा त्यामुळे रद्द झाला नाही. आणि आमच्या डेप्युटीने प्रत्यक्षात काही गैर केले असेलच असे मी म्हणत नाही. मी पाहिलेले नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

तुम्ही येथे राहायला येणार असाल, किंवा तुमचे कोणी येथे असेल, तर दोन गोष्टी करा. पोलिसांशी कसलाही संबंध आला की तारीख, अंदाजे वेळ आणि डेप्युटीचे नाव लगेच लिहून ठेवा, कारण चित्रीकरण पाहण्याची मागणी लेखी करावी लागते आणि तीत तारीख-वेळ लागते. वडील माणसे एकटी फिरायला जात असतील तर त्यांचा कागद खिशात नको, गळ्यात दिसेल असा अडकवा.

ज्यांना मताचा अधिकार आहे त्यांनी शेरिफच्या नावावर खूण करून मतपत्रिका खाली ठेवू नये. येथील संविधानानुसार शेरिफची निवडणूक विधिमंडळाच्या निवडणुकीबरोबरच, त्याच ठिकाणी होते. १२० प्रतिनिधी आणि ५० सिनेटर दर दोन वर्षांनी निवडले जातात, आणि उपस्थितांपैकी तीन-पंचमांश जमले की राज्यपालाचाही नकार मोडला जातो. चित्रीकरणाचे ते कलम बदलायचे तर ते हेच लोक बदलतील. माझ्या भागातल्या प्रतिनिधीला मी मुलाचे नाव त्या यादीत घालावे म्हणून पत्र लिहिले आहे. माझ्या स्नेह्यांनी मात्र अजूनही आपल्या प्रतिनिधीचे नाव काय हे मला सांगितलेले नाही.